परदेशांत शिवलेला कोट

परदेशगमन ही आमच्या डोंबिवलीसारख्या गांवीं आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. दिवाळीच्या पहांटे फडके रोडवर जमणाऱ्या मंडळींत क्षणभर कान देऊन उभें राहिलें, तर एक कुटुंब नुकतेंच थायलंडहून आलेलें असतें, दुसरें व्हिएतनामला निघालेलें असतें, आणि तिसऱ्या घरचे आजीआजोबा नातवंडांकडे अमेरिकेंत सहा महिने राहून परतलेले असतात. या प्रवाशांच्या सामानांतून हल्लीं तिकडच्या शिंप्याकडून मापाप्रमाणें शिवून घेतलेले कपडे येऊं लागले आहेत. चोवीस तासांत कोट, दोन दिवसांत संपूर्ण पोशाख, अशा पाट्या बँकॉक व हाँगकाँग येथील बाजारांत जागोजाग दिसतात. आपल्याकडे नवरात्रांत कापड टाकावें तेव्हां कोठें भाऊबीजेला पोलकें हातीं पडतें. त्यामुळें असली पाटी पाहिली कीं माणसाला मोह होतो. आमच्याहि घरीं असा एक कोट आला. त्याची हकीगत सांगण्यापूर्वीं थोडें मागें जाणें जरूर आहे.

समुद्रापलीकडे जाणाऱ्यांना कपड्यांचा प्रश्न पूर्वींहि पडत असे. मात्र त्याचें स्वरूप निराळें होतें. आमच्या शेजारच्या कल्याण येथें ३१ मार्च १८६५ रोजीं जन्मलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांनीं ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याचा किनारा सोडला. त्यापूर्वीं कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर येथें केलेल्या भाषणांत, आपण अमेरिकेंत आहार अगर पेहराव बदलणार नाहीं, असें त्यांनीं जाहीरपणें सांगितलें होतें. परंतु फिलाडेल्फियाच्या थंडीला कोणाच्या निश्चयाची काय पर्वा! नऊवारी लुगड्यांत पोटऱ्या उघड्या राहत. म्हणून त्यांनीं आंत परकर घालून गुजराथी पद्धतीनें साडी नेसण्यास सुरवात केली. वस्त्र आपलेंच राहिलें, नेसण्याची तऱ्हा तेवढी बदलली. १० ऑक्टोबर १८८५ रोजीं काढलेलें त्यांचें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यांत त्यांच्यासमवेत जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या सबात इस्लांबूली या सहाध्यायिनी असून तिघीहि आपापल्या देशाच्या पोशाखांत आहेत. न शिवलेल्या वस्त्राचा हा मोठाच गुण म्हटला पाहिजे. त्याला शिंपी लागत नाहीं, आणि अंग रोडावलें काय किंवा भरलें काय, तें कधीं अडत नाहीं.

शिवलेल्या कपड्यांचें तसें नाहीं. १८८८ सालीं बॅरिस्टर होण्याकरितां विलायतेस निघालेल्या महात्मा गांधींनीं मुंबईस शिवलेले कपडे बरोबर नेले होते. परंतु तिकडच्या समाजांत ते शोभणार नाहींत असें वाटून त्यांनीं नवे घेतले, आणि लंडनच्या बाँड स्ट्रीटमध्यें संध्याकाळचा पोशाख शिवविण्यासाठीं चक्क दहा पौंड खर्च केले. हें त्यांनीं स्वतःच आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. पुढें पंचा नेसणाऱ्या या पुरुषानें एके काळीं शिंप्याच्या आरशासमोर उभें राहून आपलें रूप न्याहाळलें असेल, ही कल्पना मला तरी मोठी मौजेची वाटते.

आतां हे चोवीस तासांचे शिंपी कोठून आले तें पाहूं. शांघाय शहरांत गोऱ्या व्यापाऱ्यांचे कपडे शिवून पाश्चात्य बेतणीत निष्णात झालेले पुष्कळ चिनी कारागीर १९४९ च्या राज्यक्रांतीच्या सुमारास हाँगकाँगला येऊन स्थायिक झाले. त्याच सुमारास आपल्या देशाची फाळणी होऊन निर्वासित झालेल्या सिंध्यांपैकीं कित्येकांनीं त्या बंदरांत दुकानें मांडलीं. गिऱ्हाइकाशीं बोलणारा सिंधी आणि आंत सुई चालविणारा चिनी, अशी जोडी तेथें जमून गेली. पुढें कोरिया व व्हिएतनाम येथील युद्धांच्या काळांत अमेरिकन शिपाई व खलाशी थोड्या दिवसांच्या रजेवर तेथें उतरूं लागले. त्यांना कोट हवा असे, पण बोट सुटण्यापूर्वीं. अशा गिऱ्हाइकांच्या निकडीमुळें या धंद्याला घाईची संवय लागली, ती अद्याप सुटलेली नाहीं. बँकॉककडे पाहूं गेल्यास तेथील पाहुरात भागांत पंजाबी शिखांचा कापडाचा व्यापार जुना आहे, आणि प्रवाशांच्या वाटेवरील शिंप्यांच्या दुकानांतून आपणांस हिंदींत हांक येते ती बहुधा अशाच एखाद्या देशबांधवाची असते. परक्या मुलखांत “आइये, बहनजी” असें ऐकूं आलें कीं निम्मी सावधगिरी गळून पडते, हें मी अनुभवानें सांगतें.

परंतु घाईंत कोट होतो तरी कसा? कोटाच्या वरच्या कापडाच्या व अस्तराच्या मध्यें छातीपाशीं एक तिसरा थर असतो. हा थर जाड्याभरड्या कापडाचा व घोड्याच्या केसांचा असून जुन्या पद्धतीचा कारागीर तो शेंकडों बारीक टांक्यांनीं हातानें बसवितो. हे टांके वरून दिसत नाहींत. पण कोटाला छातीचा आकार येतो तो त्यांच्यामुळें. लंडनच्या सॅव्हिल रो या प्रसिद्ध गल्लींत एका पोशाखाला हातकामाचे सुमारें ५० तास लागतात, आणि मधून मधून गिऱ्हाइकाला कच्च्या शिवणीचा कोट घालून उभें करतात तें वेगळेंच. चोवीस तासांच्या कोटांत हा थर बहुशः गोंदासारख्या द्रव्यानें, उष्णता व दाब देऊन चिकटविलेला असतो. नवा असतांना तो झोंकदार दिसतो. पण हें चिकटविणें नीट झालें नसेल, तर आपल्याकडचे दोन पावसाळे आणि धोब्याची वाफेची इस्त्री यांनंतर छातीवर फुगे धरूं लागतात. दुकानांत बटणाजवळचें कापड चिमटींत धरून थर हलके वेगळे करून पाहावेत. मध्यें तिसरा थर मोकळा हातीं लागला तर तो शिवलेला, आणि सगळें एकजीव लागलें तर चिकटविलेला समजावा.

आतां आमच्या कोटाविषयीं. माझे थोरले दीर, ज्यांना घरांतील लहानथोर सर्वजण दादा म्हणतात, ते पंचवीस एक वर्षांपूर्वीं संध्याकाळच्या गर्दींत गाडींतून उतरतांना तोल जाऊन फलाटावर पडले. खांद्याचें हाड मोडलें. तें जुळलें, पण उजवा खांदा जरा खालीं उतरला तो कायमचा. हाताला अधूपणा आला नाहीं, लिहिणें-वाचणें, ओझें उचलणें सर्व यथास्थित चालूं राहिलें. मात्र तेव्हांपासून दादांनीं अंगासरशी बसणारा कपडा म्हणून घातला नाहीं. नेहमीं ढगळ शर्ट, तोहि बाहेर सोडलेला. घरांतील लग्नकार्यांतले फोटो काढून पाहिले तर ते प्रत्येक ठिकाणीं कोणाच्या तरी मागें, डावी बाजू पुढें करून उभे आहेत. आम्हीं हें कधीं बोलून दाखविलें नाहीं, त्यांनींहि नाहीं.

त्यांच्या धाकट्या मुलाचें लग्न माघांत ठरलें. त्याआधीं आम्ही सातजण थायलंडच्या सहलीस गेलों असतां मुलानें हट्ट धरला कीं, बाबांनीं माझ्या लग्नांत मापाचा कोट घालावा, आणि तो येथेंच शिवावा. बँकॉकमधील मुक्काम अवघा दोन रात्रींचा. वाटाड्यानेंच एका दुकानाशीं गाडी उभी केली. (वाटाड्यानें दाखविलेल्या दुकानांत त्याचा कांहीं हिस्सा असतो, हें मागाहून कळलें, कळून उपयोग नव्हता.) दुकानदारानें सरबत दिलें, कापडाचे तागे धडाधड उलगडले, आणि फीत घेऊन दादांचें माप घेतलें. छाती, कंबर, बाही, पाठ; सगळें मिळून पांच मिनिटें. “सरळ उभे राहा, साहेब,” असें तो म्हणाला, आणि दादा जितके होतां येईल तितके सरळ झाले. नेमकें तेथेंच चुकलें. फितीनें लांबी-रुंदी समजते, उतार समजत नाहीं. उतार पाहण्यास डोळा लागतो, आणि त्याचा डोळा पुढल्या गिऱ्हाइकाकडे होता.

दुसऱ्या दिवशीं रात्रीं नऊ वाजतां कोट तयार होता. दादांनीं तो घातला. गळपट्टी उजवीकडे मानेपासून सुटून उभी राहिली होती आणि खांद्याखालून कांखेकडे एक तिरपी वळी पडली होती. दुकानदार दादांच्या पाठीमागें गेला, कोटाची पाठ हलकेच मुठींत धरली आणि आरशाकडे बोट केलें. आरशांत कोट एकदम सुरेख दिसूं लागला! त्याची मूठ मला बाजूनें दिसत होती. पण विमान पहांटेचें, पैसे अगोदरच दिलेले, आणि दादा म्हणाले, “ठीक आहे, चला.” त्या “ठीक आहे” मध्यें काय होतें तें जाऊबाईंना समजलें, परतीच्या प्रवासांत त्या फारशा बोलल्या नाहींत.

घरीं आल्यावर कोट कपाटांत गेला, आणि लग्नांत नेहमींचा सदराच घालायचा असें दादांनीं जाहीर केलें. तेव्हां जाऊबाईंनीं एक दिवस कोणास न सांगतां तो कोट पिशवींत घातला आणि पूर्वेकडच्या आमच्या जुन्या शिंपीमामांकडे नेला. मामांचें वय सत्तरीपलीकडचें. हल्लीं ते बहुधा विजारी आंखूड करण्याचें आणि चेन बसविण्याचें काम करतात, कारण तयार कपड्यांच्या जमान्यांत दुसरें येतेंच कमी. त्यांनीं कोट उलटा केला, अस्तराची दोन बोटें शिवण उसवली आणि विचारलें, “माया ठेवली आहे का बघूं.”

माया म्हणजे शिवणीच्या आंत राखलेलें जादा कापड. बाहेरून तें दिसत नाहीं. पण अंग बदललें अथवा माप चुकलें तर कपडा वांचतो तो त्यावरच. आमच्या भाषेनें या पट्टीला हें नांव कां दिलें असेल याचा विचार मीं पुष्कळदां केला आहे. त्या कोटाच्या बाजूच्या शिवणींत माया बरी होती, खांद्यावर अगदींच बेताची. मामा म्हणाले, कोट घेऊन काय करूं? माणूस आणा.

दादा कुरकुरत गेले. मामांनीं त्यांना सरळ उभें राहावयास सांगितलें नाहीं. ते म्हणाले, “दादासाहेब, गाडीची वाट पाहत फलाटावर उभे राहतां ना, तसे उभे राहा.” दादा हंसले, आणि हंसतां हंसतां त्यांचा खांदा त्याच्या स्वाभाविक जागीं आला. मामा चष्मा वर करून कितीतरी वेळ नुसते पाहत राहिले. मग खडूनें दोन खुणा केल्या. पुढें आठ दिवसांत त्यांनीं गळपट्टी उसवून पुन्हां बसविली, उजव्या खांद्यांत अस्तराखालीं कापसाची एक पातळ गादी वाढविली, बाही त्या बाजूची किंचित् फिरविली, आणि दोन वेळां दादांना बोलावून कच्च्या शिवणीवर घालून पाहिलें. मजुरी इतकी थोडी सांगितली कीं जाऊबाईंना ती देतांना संकोच वाटला.

यावरून परदेशांत कपडे शिवूंच नयेत असें माझें म्हणणें आहे असा कोणी ग्रह करून घेऊं नये. आमची एक पुतणी गेल्या वर्षीं व्हिएतनाममध्यें होई आन येथें गेली होती. युनेस्कोनें १९९९ सालीं जागतिक वारशांत घेतलेलें हें जुनें बंदर आज शिंप्यांचें गांव म्हणूनच ओळखलें जातें. तेथें तिनें उतरल्या दिवशींच दुकान गांठलें. बरोबर आपला अंगाला उत्तम बसणारा एक जुना कुडता नेला होता. तो नमुन्याला दिला. चार दिवसांच्या मुक्कामांत दोनदां घालून पाहिला, दुसऱ्या खेपेस कांखेंत ओढतो म्हणून परत केला, आणि पैसे अर्धे हातीं ठेवले. दुकान मापें घेतें आणि शिवण बहुतकरून दुसरीकडच्या कारखान्यांत होते. म्हणून तोंडी सांगितलेली गोष्ट वाटेंत हरवते, तेव्हां ती आपल्यासमोर मापाच्या कागदावर लिहावयास लावावी, हें तिनें मला सांगितलें. कापड लोंकरीचें म्हणून देत असतील तर एक धागा मागून जाळून पाहावा: लोंकर केस जळल्यासारखी वास मारते आणि तिची राख बोटांनीं चुरडते, कृत्रिम धागा वितळून त्याची कठीण गोळी होते. आणि माया भरपूर ठेवा, हें कोणत्याहि भाषेंत, खुणेनें कां होईना, सांगितल्यावांचून दुकान सोडूं नये. विमान सुटल्यावर तो शिंपी आपला राहत नाहीं. कोट मात्र आपल्याच गळ्यांत राहतो.

लग्न झालें. फोटोंच्या पुस्तकांत पहिल्याच पानावर दादा मुलाच्या शेजारीं, पुढच्या रांगेंत, अगदीं समोर तोंड करून उभे आहेत. त्यानंतर पंधरा दिवसांनीं ते स्वतःच, कोणी न सुचवितां, एक करडें कापड घेऊन शिंपीमामांकडे गेले. मामांनीं आपली लांबट वही काढली, नवें पान उघडलें, आणि छाती-कंबरेच्याहि आधीं पहिली ओळ लिहिली: उजवा खांदा पाऊण इंच खालीं.