घाबरतो, तरी पाहतो

आमच्या घरात भुताचा सिनेमा लागला की आधी सगळे दिवे लागतात. अम्मी तसबीह घेऊन कोपऱ्यात बसते, आपा उशी तोंडासमोर धरते आणि अब्बा ‘यात घाबरण्यासारखं काय आहे?’ म्हणत रिमोट स्वतःजवळ ठेवतात. पडद्यावर दार करकरले की आवाज बंद करणारे पहिले तेच!

नुसते रक्त आणि किंकाळ्या आम्हाला झेपत नाहीत. पण भीतीच्या जोडीला हसू असेल, तर आम्ही भित्रे सगळ्यात पुढे. याची सुरुवात महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ने झाली. १९९३ सालच्या त्या सिनेमात रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचू हा बाहुला लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या मागे लागतो. तो पाहून आम्ही घरातल्या बाहुल्या भिंतीकडे तोंड करून ठेवल्या होत्या. तरी पुढच्या वेळी टीव्हीवर लागला तेव्हा पुन्हा सगळे हजर.

असे का होते? घाबरताना आपण श्वास रोखतो, विनोद आला की तो सुटतो. शेजारचाही घाबरला होता हे कळते आणि लाज जाते. शिवाय निम्मी भीती आवाजात असते. आवाज बंद करून पाहा, भुताच्या जागी रंगरंगोटी केलेला माणूस दिसू लागतो.

२०१८ चा ‘स्त्री’ आम्ही असाच उशीआडून पाहिला. अमर कौशिक यांचा हा सिनेमा मध्य प्रदेशातील चंदेरीत घडतो. रात्री एक स्त्री येऊन पुरुषांना उचलून नेते, मागे उरतात फक्त कपडे. म्हणून लोक भिंतींवर तिला ‘उद्या ये’ असे लिहून ठेवतात. ती शिकलेली, वाचते आणि परत जाते! १९९० च्या दशकात बंगळुरूकडे अशीच अफवा पसरली होती आणि लोक दारांवर ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, असे लिहीत असत.

या गावात अंधार पडला की पुरुष दार लावून घरात बसतात. ‘लवकर घरी या, एकटे जाऊ नका’ हे त्यांना ऐकावे लागते. आपा उशी खाली ठेवून म्हणाली, “हे तर आम्ही रोजच ऐकतो.” सगळे हसलो. मग अब्बा जरा गप्प झाले. पुढच्या आठवड्यात तिला शिकवणीहून यायला उशीर झाला, तेव्हा ते रागावले नाहीत. रस्त्यावरचा बंद दिवा दुरुस्त करा, असा अर्ज घेऊन मात्र गेले.

भीतीवर हसता येते, हे आम्हाला आधी कळले असते तर बरे झाले असते. काही वर्षांपूर्वी अम्मीचा ताप उतरेना. कुणीतरी ‘असर’ झाल्याचे सांगितले. झाडफूक करणाऱ्या एका बाबाने भीती घालून पैसे नेले आणि आम्ही तोंडातून शब्द न काढता दिले. ताप उतरला तो डॉक्टरांच्या औषधाने. आता तो प्रसंग आठवून अम्मीच सर्वांत जास्त हसते. भुताच्या नावाने फसवणाऱ्या, छळणाऱ्या लोकांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे, हेही आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते.

जिन्न ही अल्लाहची मखलूक आहे, यावर आमचा इमान आहे. पण पडद्यावरचे भूत लेखकाने रचलेले असते आणि बाबाचे भूत त्याच्या धंद्याने. या दोन्हींची गल्लत नको.

घरात लहान मुले असतील तर प्रमाणपत्र आधी पाहावे. आता यूए गटात ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे वेगळे वर्ग आहेत. मूल घाबरले तर त्याची थट्टा करू नये, सिनेमा तिथेच थांबवावा.

आमच्याकडे शेवट ठरलेला असतो. चहा होतो, नकला होतात, आयतुल कुर्सी पढून सगळे झोपायला जातात. आणि रात्री पाणी प्यायला उठलेले अब्बा हळूच हाक मारतात, “कुणी जागं आहे का?”