कुलाब्यातले चुंबकी वादळ

१९१८ साली हेबर कर्टिस यांना एम-८७ दीर्घिकेच्या मध्यातून निघालेली एक सरळ रेघ दिसली. तो प्लाझ्माचा झोत होता, हजारो प्रकाशवर्षे लांब. एवढ्या वाटेत तो विस्कटत कसा नाही? संशय चुंबकीय क्षेत्रावर आहे. आकाशात जाऊन पाहणे अशक्य, म्हणून लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात मॅगपाय नावाच्या यंत्रात केसाहून बारीक तारांतून सुमारे दहा लाख अँपिअर प्रवाह सोडून इवलेसे झोत तयार करतात. वेग, घनता आणि चुंबकीय दाब यांची गुणोत्तरे जुळली, की लहान झोताचे गणित थोरल्यालाही लागू पडते.

आपल्याकडे या विद्येचे ठिकाण म्हणजे कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था. प्रा. जी. रवींद्र कुमार यांच्या गटाने तिथे शंभर टेरावॅटच्या लेसरवर काम केले. आकड्याने दिपून जाऊ नये. एका स्पंदातली ऊर्जा तीनेक ज्यूल, म्हणजे पावशेर पेरू तीनेक हात उंच उचलायला लागते तेवढीच. करामत वेळेची आहे. ती ऊर्जा सेकंदाच्या एक अब्जांशाच्याही काही लाखांशांत टाचणीच्या टोकाहून लहान ठिपक्यावर ओतली जाते. पृष्ठभागाचा प्लाझ्मा होतो, तापलेले इलेक्ट्रॉन झोताने आत घुसतात आणि प्रचंड चुंबकीय क्षेत्र उभे राहते.

ते मोजणे हीच खरी कारागिरी. मुख्य स्पंदामागून एक क्षीण स्पंद धाडायचा आणि त्याच्या प्रकाशाचे ध्रुवण कसे बदलले ते पाहायचे. २००२ मध्ये या गटाने २ कोटी ७० लाख गाऊसचे क्षेत्र नोंदवले. पृथ्वीचे क्षेत्र अर्ध्या गाऊसच्या आसपास असते. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेचे प्रेधिमन काव त्या कामात सहलेखक होते. २०१२ मध्ये तर त्या क्षेत्रातली खळबळच नोंदवली गेली, जशी ताऱ्यांभोवती असावी असे मानतात.

गांधीनगरची तीच संस्था आता औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेत सहभागी आहे. आज हिंगोलीत असलेले औंढा १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी परदेशातल्या अशाच वेधशाळांनी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर टिपली, आणि तिच्यातूनही अरुंद झोत निघाल्याचे पुढे रेडिओ निरीक्षणांत दिसले. औंढ्याच्या चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांना २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटींची मंजुरी मिळाली. परभणी-हिंगोलीच्या बीएस्सीच्या मुलांनी प्लाझ्माचा धडा ऐच्छिक म्हणून सोडू नये.