दाखल्यांची मोजणी आणि डॉ. डे यांची गोष्ट

एखाद्या डॉक्टरांचा सत्कार असतो. सूत्रसंचालक परिचय करून देतात, "यांचे दोनशे शोधनिबंध प्रसिद्ध झाले असून यांचा एच-इंडेक्स पस्तीस आहे." सभागृहात टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी बहुतेकांना हा पस्तीसचा आकडा कशाचा, हे ठाऊक नसतं. आकडा मोठा वाटतो, म्हणून माणूस मोठा वाटतो. वैद्यकीय संशोधकाचं काम असं आकड्यात मोजता येतं का, आणि मोजलं तर त्या आकड्यावर किती भिस्त ठेवावी, हे आज आपण पाहणार आहोत.

सुरुवात सायटेशनपासून करू. सायटेशन म्हणजे दाखला. संशोधक आपला निबंध लिहितो, तेव्हा आधी कुणी काय शोधलं आहे ते सांगून पुढे जातो आणि शेवटी त्या जुन्या निबंधांची यादी देतो. त्या यादीत तुमचा निबंध आला की तुमच्या खात्यावर एक दाखला जमा झाला. युजीन गारफिल्ड नावाच्या अमेरिकी गृहस्थांनी 1955 मध्ये अशी कल्पना मांडली की, या याद्या उलट्या बाजूने लावल्या तर कोणत्या निबंधाचा पुढे कुणी कुणी उपयोग केला हे कळेल. 1960 च्या दशकात फिलाडेल्फियातल्या त्यांच्या संस्थेने तसा सूचिग्रंथ काढला. मूळ हेतू ग्रंथालयाच्या सोयीचा होता. वाचकाला हवं ते सापडावं, एवढाच. त्यातून माणसं मोजण्याचं माप पुढे तयार झालं.

आज दोन मापं फार चालतात. पहिलं इम्पॅक्ट फॅक्टर. हे माणसाचं नसून जर्नलचं, म्हणजे शोधपत्रिकेचं माप आहे. मागच्या दोन वर्षांत त्या जर्नलमध्ये आलेल्या लेखांना यंदा सरासरी किती दाखले मिळाले, ते हा आकडा सांगतो. वर्गाची सरासरी ऐंशी टक्के आहे म्हणून त्या वर्गातला प्रत्येक मुलगा ऐंशी टक्क्यांचा ठरत नाही. तसंच नामवंत जर्नलमधला प्रत्येक लेख नामवंत नसतो.

दुसरं माप एच-इंडेक्स. ते 2005 मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवलं. संशोधकाचे निबंध दाखल्यांच्या उतरत्या क्रमाने मांडायचे. त्यातल्या दहा निबंधांना प्रत्येकी निदान दहा दाखले असतील, पण अकरांना प्रत्येकी अकरा नसतील, तर एच-इंडेक्स दहा. यातली अडचण लगेच ध्यानात येईल. एखाद्याने आयुष्यात एकच निबंध लिहिला आणि त्याला हजार दाखले मिळाले, तरी त्याचा एच-इंडेक्स एकच राहतो.

आता या मापांची परीक्षा घेण्यासाठी एका खऱ्या माणसाकडे जाऊ. शंभूनाथ डे हे त्यांचं नाव. जन्म 1915, बंगालमधल्या हुगळी जिल्ह्यातला. कलकत्त्यात वैद्यकाचं शिक्षण झालं, लंडनला पीएच.डी. झाली, आणि 1949 मध्ये परत येऊन त्यांनी कलकत्त्यातच रोगनिदानशास्त्राचं काम धरलं. शहरात पटकी, म्हणजे कॉलरा, पाचवीला पुजलेला. रॉबर्ट कॉख यांनी 1884 मध्ये याच कलकत्त्यात कॉलऱ्याच्या जंतूची ओळख पक्की केली होती. पण तो जंतू माणसाला मारतो कसा, हे सत्तर वर्षं झाली तरी उलगडलं नव्हतं. जंतू मेल्यावर त्याच्या शरीरातलं विष बाहेर पडतं आणि रक्तात भिनतं, असा समज होता.

डे यांनी काय केलं? सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधला, आतड्यातून काढून न टाकता. त्या बंद पिशवीत कॉलऱ्याचे जंतू टोचले. दुसऱ्या दिवशी पिशवी तांदळाच्या धुवणासारख्या पाण्याने टम्म फुगलेली. कॉलऱ्याच्या रोग्याला होतात तेच हे जुलाब. हा प्रयोग त्यांनी सहकाऱ्यासह 1953 मध्ये प्रसिद्ध केला. मग 1959 मध्ये त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. जंतू ज्या द्रवात वाढवले होते, तो द्रव इतक्या बारीक गाळणीतून गाळला की त्यात एकही जंतू उरला नाही. तो जंतुविरहित द्रव टोचला, तरी पिशवी तशीच फुगली. याचा अर्थ, जिवंत जंतूच एक विष बाहेर सोडतो, आणि ते विष आतड्याच्या अस्तराला पाणी आणि क्षार बाहेर टाकायला लावतं. 'नेचर'मध्ये जेमतेम दोन पानांत ही गोष्ट छापून आली.

योगायोग असा की, त्याच वर्षी मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्ता, पानसे आणि कुलकर्णी हे संशोधकही याच दिशेने पोहोचले होते. सशाच्या पिल्लांवर प्रयोग करून, जंतू फोडून मिळवलेल्या द्रव्यानेही कॉलऱ्यासारखा आजार होतो, हे त्यांनी दाखवलं.

इतका मोठा शोध लागल्यावर काय व्हायला हवं होतं? प्रत्यक्षात काही वर्षं फारसं काहीच झालं नाही. डे यांनी ते विष शुद्ध स्वरूपात वेगळं काढण्याची खटपट केली, पण हाताशी साधनं पुरेशी नव्हती. ते काम 1969 मध्ये अमेरिकेतल्या फिंकेलस्टाइन आणि लोस्पालुटो यांनी तडीस नेलं. तोवर डे कॉलऱ्याच्या संशोधनातून बाजूला झाले होते. 1973 मध्ये ते निवृत्त झाले. 1978 मध्ये स्वीडनमध्ये कॉलऱ्यावर नोबेल परिसंवाद भरला, त्याचं बोलावणं त्यांना आलं. तिथे ते म्हणाले, त्याचा आशय असा होता की, मी केव्हाच मेलो होतो, तुम्ही मला उकरून बाहेर काढलंत. 1985 मध्ये त्यांचं निधन झालं. नोबेल मिळवलेले शास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचं नाव नोबेलसाठी एकाहून अधिक वेळा सुचवलं होतं. आपल्या देशातल्या एकाही विज्ञान अकादमीने मात्र त्यांना सदस्यत्व दिलं नाही.

आणि गंमत पाहा. डे यांच्या निधनानंतर, 1986 मध्ये, त्यांच्या कामाचं माप काढायला पुढे आले ते खुद्द गारफिल्ड. दाखल्यांचं जाळं उलगडून त्यांनी दाखवलं की कॉलऱ्याच्या आधुनिक संशोधनाचे धागे मागे नेले, तर ते डे यांच्या निबंधांपाशी येतात. म्हणजे दाखल्यांची मोजणी निरुपयोगी आहे असं मुळीच नाही. विसरलेला माणूस शोधून काढायला तीच कामी आली. पण तिला वेळ लागला. 1962 साली कुणी हीच मोजणी करून डे यांची बढती ठरवली असती, तर निर्णय चुकला असता.

नेदरलँड्समधल्या व्हान रान यांनी 2004 मध्ये अशा निबंधांना 'झोपलेल्या राजकन्या' म्हटलं. वर्षानुवर्षं निजलेल्या, मग अचानक जाग्या झालेल्या. याची दुसरी बाजूही आहे. एखादा शोध पुरता रुजला की दाखले थांबतात. मलेरिया डासांमुळे होतो, असं लिहिताना आज कुणी रोनाल्ड रॉस यांच्या निबंधाचा दाखला देत नाही. कॉलऱ्याचं विष हा आता पाठ्यपुस्तकातला धडा आहे, आणि धड्याला धनी नसतो.

दाखला म्हणजे शाबासकी, हेही खरं नव्हे. 1998 मध्ये अँड्र्यू वेकफील्ड यांनी 'लॅन्सेट'मध्ये बारा मुलांची माहिती देऊन एमएमआर लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवला. ते काम खोटं ठरलं आणि 2010 मध्ये 'लॅन्सेट'ने निबंध मागे घेतला. तरी त्याला दाखले भरपूर मिळाले, कारण तो खोडून काढणाऱ्या प्रत्येकाला त्याचं नाव घ्यावंच लागलं. मोजणाऱ्या यंत्राला कौतुक आणि खंडन यातला फरक कळत नाही.

विषयाचाही फरक पडतो. कर्करोगावर जगभर हजारो लोक लिहितात, तेव्हा दाखलेही हजारांनी मिळतात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या विंचूदंशावर काम केलं. प्राझोसिन या औषधाने रोग्याचं हृदय सावरता येतं, हा त्यांचा अनुभव 1986 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. विंचवावर लिहिणारे जगात किती? मग कर्करोगवाल्याचा आकडा आणि त्यांचा आकडा शेजारी ठेवून काय कळणार? ज्याच्या घरचं मूल विंचू चावल्यावरही वाचलं, तो शेतकरी शोधनिबंध लिहीत नाही, म्हणून दाखलाही देत नाही.

हा विषय आपल्याशी निगडित अशासाठी की, या आकड्यांवर माणसं नेमली जातात. भारतीय वैद्यक परिषदेने अध्यापकांच्या बढतीसाठी शोधनिबंधांची अट घातली. 2020 मध्ये परिषद जाऊन राष्ट्रीय वैद्यक आयोग आला, अट राहिली. हेतू चांगला होता. पण दिवसभर ओपीडी, रात्री इमर्जन्सी आणि वर निबंध हवाच, असं झाल्यावर पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांचं फावलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 मध्ये विश्वासार्ह जर्नलांची यादी सुरू केली, तिच्या छाननीत पुणे विद्यापीठाचा मोठा वाटा होता. 2025 मध्ये ती यादी बंद झाली आणि पारख करण्याची जबाबदारी पुन्हा संस्थांवर आली. जगातही हाच विचार पुढे येतो आहे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने सांगितलं की, जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून संशोधकाची किंमत करू नका, त्याने काय लिहिलं ते पाहा.

म्हणजे शेवटी वाचण्याला पर्याय नाही. समितीत बसणाऱ्यांनी दोनशे निबंधांची यादी मागण्याऐवजी, "तुमचे सर्वांत चांगले तीन द्या," म्हणावं आणि ते तीन वाचावेत. आपण सामान्य माणसंही तीन प्रश्न विचारू शकतो. यांनी नेमकं काय शोधलं? दुसऱ्या कुणी ते पडताळून पाहिलं का? आणि त्यामुळे रोग्याच्या उपचारात किंवा रोगाच्या समजुतीत काय बदललं?

डॉ. डे यांच्याबाबत या तिन्ही प्रश्नांची उत्तरं आहेत. त्यांनी कॉलऱ्याचं विष दाखवलं, इतरांनी ते पडताळलं, आणि कॉलऱ्यात माणूस शरीरातलं पाणी आणि क्षार गेल्याने मरतो, याचं कारण स्पष्ट झालं. ते पाणी आणि क्षार साखरेच्या जोडीने तोंडावाटे परत देता येतात, हे 1960 च्या दशकात इतर संशोधकांनी दाखवलं. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर हजारो माणसं जगवली. आज आपल्या घराघरात ओआरएसची पुडी असते. पुढच्या वेळी ती फोडताना कलकत्त्याच्या त्या डॉक्टरांची आठवण झाली, तर तोही एक दाखलाच. कुठल्याही सूचीत न धरलेला.