जळगांव जंक्शन आणि आपली तापीकांठची आगगाडी

विद्यार्थिमित्रहो, नंदुरबारच्या फलाटावर उभे राहून पूर्वेकडे पाहिलें म्हणजे दोंडाईचा, अमळनेर, धरणगांव करीत जाणारे हे रूळ शेवटीं कोठें पोंचतात, असा प्रश्न तुमच्यापैकीं पुष्कळांच्या मनांत आला असेल. ते जळगांवास मुंबईहून येणाऱ्या थोरल्या मार्गाला मिळतात. दोन किंवा अधिक लोहमार्ग जेथें एकत्र येतात त्या स्टेशनास जंक्शन म्हणतात. आपला जिल्हा बाहेरच्या जगाशीं ज्या सांध्यानें जोडला गेला, त्याची हकीकत आपणांस ठाऊक असणें अगत्याचें आहे.

ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी गेली. ती ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीची. याच कंपनीनें थळ घाटांतील अवघड मार्ग १८६५ सालीं पुरा केला. पुढें खानदेशांतून जाणारा तिचा एक फांटा १८६७ सालीं नागपुरास पोंचला, तर दुसरा १८७० सालीं जबलपुरास कलकत्त्याकडील रेल्वेला मिळाला. हे दोन फांटे फुटतात भुसावळास. जळगांव त्याच्या अलीकडेंच. त्याच सुमारास, १८६१ ते १८६५ या काळांत, अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें होतें. तेथील कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेशच्या काळ्या जमिनींत कापूस विपुल. त्यामुळें जळगांवची पेठ झपाट्यानें वाढली. १९०६ सालीं खानदेशचे दोन जिल्हे झाले, तेव्हां पूर्व खानदेशचें मुख्य ठिकाण होण्याचा मान जळगांवास मिळाला.

परंतु पश्चिमेकडील आपला मुलूख तोंपर्यंत बैलगाडीवरच अवलंबून होता. ही उणीव ताप्ती व्हॅली रेल्वेनें भरून काढली. किलिक निक्सन आणि कंपनी या मुंबईच्या पेढीच्या व्यवस्थेखालीं सुरतेपासून अमळनेरपर्यंत सुमारें अडीचशें किलोमीटरांचा मार्ग बांधला गेला व तो १९०० सालीं पुरा झाला. अमळनेर ते जळगांव हा सुमारें छप्पन्न किलोमीटरांचा तुकडा ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा. अशा रीतीनें जळगांव जंक्शन झालें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. या दोन्ही मार्गांच्या रुळांमधील अंतर एकच, म्हणजे साडेपांच फूट, होतें. म्हणून नंदुरबारला भरलेली वाघीण जळगांवास न उतरवितां तशीच पुढें नेतां येई. मनमाडास मात्र याच सुमारास हैदराबाद संस्थानांतून जी रेल्वे आली, तिचे रूळ मीटरभरच अंतराचे होते. तेथें मालाचा प्रत्येक नग एका गाडींतून काढून दुसरींत भरावा लागे. हमालांस काम मिळे, पण व्यापाऱ्याचा वेळ व पैसा जाई. ही अडचण त्या रुळांची रुंदी बदलल्यावरच दूर झाली. रूळ शेजारीं आले म्हणजे मार्ग जुळले, असें होत नाहीं. मापही जुळावें लागतें.

आपला मार्ग पुष्कळ वर्षें एकेरी होता. एका गाडीला वाट देण्यासाठीं दुसरीला स्टेशनांत थांबून राहावें लागे. उधना ते जळगांव हा तीनशें सहा किलोमीटरांचा मार्ग २०१८ सालीं दुहेरी झाला, तेव्हां ही खोळंबा करणारी रीत संपली. कंपन्यांचा कारभारही पूर्वींच गेला. ता. ५ नोव्हेंबर १९५१ रोजीं मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वे एकाच दिवशीं अस्तित्वांत आल्या. आज नंदुरबार पश्चिम रेल्वेंत आहे व जळगांव मध्य रेल्वेंत; म्हणजे पूर्वीं दोन कंपन्या जेथें मिळत, तेथें आतां दोन रेल्वे मिळतात. आपल्या नवापूर स्टेशनाची गंमत याहून निराळी. १९६० सालीं महाराष्ट्र व गुजरात हीं राज्यें वेगळीं झालीं आणि सीमा नेमकी त्या स्टेशनांतून गेली. तेथील एका बांकाचा अर्धा भाग एका राज्यांत व अर्धा दुसऱ्या राज्यांत आहे.

आतां एक विचार तुमच्यापुढें ठेवून हा लेख संपवितों. हा मार्ग बांधणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें कापूस होता, व्यापार होता. आपल्या भागांतील गरीब मुलें शिकावींत हा त्यांचा हेतु नव्हता. तरीही त्याच रुळांवरून कित्येक मुलें जळगांवास, पुण्यास, नागपुरास शिकावयास गेलीं. परंतु मार्ग तापीच्या दक्षिणेकडूनच जातो. शहादें, तळोदें, अक्कलकुवा, धडगांव या तालुक्यांना आजही रेल्वे नाहीं. आपल्या वर्गांत सातपुड्यांतून आलेला जो मुलगा मागच्या बांकावर मुकाट्यानें बसतो, त्याला गाडीच्या पहिल्या पायरीपर्यंत येण्यासच अर्धा दिवस लागतो. त्याच्या घरची भाषाही पुस्तकांतली नाहीं. तो आपल्याशेजारीं बसला म्हणजे आपल्याशीं जोडला गेला, असें समजूं नका. मनमाडची गोष्ट आठवा. त्याचे चार शब्द शिका, त्याला आपले शिकवा. परमेश्वरानें ज्यांना गाडीजवळ जन्म दिला, त्यांच्यावर एवढें ऋण आहेच.