आज्ञावलीची खरी प्रत कोणती?

१९६४ साली कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सी.डी.सी. ३६०० हा मोठा संगणक आला. त्या काळी आज्ञावली लिहायची म्हणजे कार्डांना भोके पाडायची. कार्डाला ८० स्तंभ आणि एका कार्डावर एक ओळ. हजार ओळींची आज्ञावली म्हणजे हजार कार्डांचा गठ्ठा! तो हातातून निसटला तर? फॉरट्रान भाषेत ७३ ते ८० या स्तंभांतील मजकूर आज्ञेत धरला जात नसे. तेथे कार्डाचा क्रमांक घालीत. काही जण गठ्ठ्याच्या कडेवर पेनने तिरकी रेघच ओढून ठेवीत. रेघ तुटलेली दिसली की कार्ड जागेवर नाही हे कळे.

क्रम राखणे त्या मानाने सोपे. पण नवे कार्ड घालून जुने फेकून दिले आणि ती दुरुस्तीच चुकीची निघाली, तर काय करावे? सी.डी.सी.च्या ६००० मालिकेच्या संगणकांवर ‘अपडेट’ नावाची एक आज्ञावली होती. ती रद्द केलेली ओळ पुसून टाकीत नसे, नुसती निष्क्रिय म्हणून खूण करी. प्रत्येक ओळीला ती ज्या दुरुस्तीतून आली तिचे नाव असे, त्यामुळे ती दुरुस्ती सबंध मागे घेता येई. १९७२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकिंड यांनी आय.बी.एम.च्या ३७० मालिकेच्या मोठ्या संगणकावर ‘एस.सी.सी.एस.’ तयार केली. तिनेही पुढे हाच मार्ग धरला: ओळ कोणत्या आवृत्तीत आली व कोणत्या आवृत्तीत गेली एवढे नोंदवले की एकाच संचातून हवी ती आवृत्ती उभी करता येते.

आता समजा, एका बँकेत व्याज काढणारी आज्ञावली दोघे जण एकाच दिवशी दुरुस्त करीत आहेत. दोघांनी सकाळी तीच प्रत घेतली. पहिल्याने दुपारी आपली प्रत परत ठेवली, दुसऱ्याने संध्याकाळी. पहिल्याचे काम नाहीसे झाले आणि कोणाला पत्ताही नाही! यावर दोन उपाय आहेत. ग्रंथालयातले पुस्तक एकाने नेले की दुसरा थांबतो, तसे कुलूप लावावे. किंवा दोघांनाही काम करू द्यावे आणि मागाहून बदल जुळवावेत. २००५ साली लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी सुरू केलेली ‘गिट’ दुसऱ्या मार्गाने जाते. माणसे थोडी व आज्ञावली जुनी असेल, तर मला कुलूपच बरे वाटते.

पण मेनफ्रेमसाठी साधन निवडताना याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे. गिरगावातल्या जुन्या छापखान्यांत खिळे जुळवून छपाई होई. दुरुस्त केलेले मुद्रित टेबलावर असे, पण यंत्रावर चढलेला फर्मा त्यावरूनच सुधारलेला असेल याची खात्री काय? तसेच येथे आहे. माणूस कोबोलमध्ये लिहितो ती मूळ प्रत. कंपायलर तिच्यापासून यंत्रभाषेतील प्रत बनवतो, आणि रोज रात्री चालते ती ही दुसरी. व्याज चुकले आणि चालणारी प्रत कोणत्या मूळ प्रतीपासून बनली हेच सांगता आले नाही, तर दुरुस्ती करणार कशात? म्हणून ‘एन्डेव्हर’सारखी साधने यंत्रप्रतीतच तिच्या मूळ आवृत्तीची खूण उमटवतात.

गिट घ्यायचे तर आणखी एक अडचण आहे. आय.बी.एम.च्या मेनफ्रेमवर ‘ए’ या मोठ्या अक्षराचा संकेतांक १९३, तर इतर बहुतेक संगणकांवर तो ६५. ने-आण करताना रूपांतर लागते, आणि तक्ता थोडा चुकला तरी चौकोनी कंस भलतीच चिन्हे होऊन बसतात.

तेव्हा विक्रेत्याची माहितीपत्रके बाजूला ठेवून एक छोटी आज्ञावली घ्यावी. दोघांना तिची एकच ओळ बदलायला सांगावी आणि साधन काय करते ते पाहावे. मग चालणारी यंत्रप्रत तिसऱ्याच्या हाती द्यावी आणि तिची मूळ प्रत शोधून काढायला सांगावी.