आधार काढून घेण्याचे शास्त्र

तुम्ही सायकल कशी शिकलात ते आठवा. वडिलांनी किंवा काकांनी मागचे कॅरिअर घट्ट धरले होते. काही दिवसांनी त्यांनी नुसता हात टेकवला आणि एके दिवशी तुम्ही वळून पाहिलेत, तर ते बरेच मागे उभे! हात एकदम सोडला असता तर तुम्ही पडला असता. कधीच सोडला नसता तर ते आजही मागे धावत असते.

वर्तनशास्त्रात अशा मदतीला 'प्रॉम्प्ट' म्हणतात. आमच्या गोरेगावकडे झाडीपट्टीचे नाटक पाहणाऱ्यांना प्रॉम्प्टर ठाऊकच आहे. ही मदत टप्प्याटप्प्याने विरळ करत नेणे म्हणजे 'फेडिंग'.

१९६३ साली हर्बर्ट टेरेस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांना लाल खुणेवर चोच मारायला व हिरवीवर न मारायला शिकवले. हिरवा प्रकाश त्याने एकदम दाखवला नाही. आधी काही सेकंद अंधार, मग मंद हिरवा उजेड, मग हळूहळू पूर्ण तेज. या कबुतरांच्या चुका अगदी थोड्या झाल्या. ज्यांना हिरवा प्रकाश उशिरा व एकदम दाखवला, त्यांच्या मात्र पुष्कळ.

स्वमग्न मुलांना शर्टाची बटणे लावायला शिकवतानाही हीच रीत वापरतात. प्रथम मुलाच्या हातावर शिक्षकाचा हात, मग मनगटाला स्पर्श, मग कोपराला, मग नुसती खूण, शेवटी काहीच नाही. मूल अडले तर एक पायरी मागे यायचे. आपले आपण लावलेल्या बटणाला शाबासकी जास्त.

मला हे उशिरा कळले. प्रयोगशाळेत व्हर्नियर कॅलिपर शिकवताना मी जुळणाऱ्या रेषेवर पेन्सिलीचे टोक ठेवत असे. मुले अचूक वाचन सांगत. प्रात्यक्षिक परीक्षेत मात्र एक हुशार मुलगा पट्टीऐवजी माझ्या हाताकडे पाहू लागला! तो पेन्सिल वाचायला शिकला होता, रेषा नव्हे. चूक माझी होती; गुण त्याचे गेले. पुढच्या वर्षी पेन्सिल आधी रेषेजवळ, मग पट्टीच्या त्या भागाकडे, मग खिशात. प्रश्न विचारून मी पाच सेकंद गप्प राहू लागलो. शिक्षकाला ते पाच सेकंद फार जड जातात.

करून पाहा : धाकट्या भावंडाला एक अक्षर शिकवा. आधी पूर्ण अक्षर गिरवू द्या, मग ठिपक्यांचे, मग नुसता आरंभाचा ठिपका, शेवटी कोरी पाटी. प्रत्येक टप्प्यावरच्या चुका वहीत मांडा. चुका एकदम वाढल्या, तर आधार काढण्याची घाई झाली असे समजा.