चारित्र्य पडताळणीत माहिती दडविल्यास नोकरीवर गदा. काय आहेत न्यायालयाचे निकष?

नवी दिल्ली : लेखी परीक्षा, शारीरिक चाचणी आणि वैद्यकीय तपासणी उत्तीर्ण होऊनही सुरक्षा दलांतील काही उमेदवारांना नोकरी गमवावी लागते. जुना गुन्हा किरकोळ असला, तरी तो लपविण्यासाठी लिहिलेला ‘नाही’ हा एक शब्द त्यास पुरेसा ठरू शकतो.

केंद्र सरकारच्या सेवेसाठी निवड झालेल्या उमेदवारास साक्षांकन नमुना भरून द्यावा लागतो. कधी अटक झाली आहे काय, खटला चालला आहे काय, दंड वा शिक्षा झाली आहे काय, एखादे प्रकरण न्यायालयात प्रलंबित आहे काय, असे प्रश्न त्यात असतात. खोटी माहिती देणे किंवा खरी माहिती दडविणे ही अपात्रता समजली जाईल, असा इशाराही त्यात छापलेला असतो. त्यानंतर पोलिसांमार्फत चारित्र्य व पूर्वेतिहासाची पडताळणी होते.

अशा प्रकरणांचे निकष सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २१ जुलै २०१६ रोजी ‘अवतार सिंह विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात निश्चित केले. तरुण वयात घोषणाबाजी करण्यासारखा क्षुल्लक गुन्हा दडविला असल्यास नियुक्ती अधिकारी तो स्वविवेकाने दुर्लक्षित करू शकतात. अनेक प्रलंबित खटले हेतुपुरस्सर लपविणे मात्र गंभीर मानले जाते. प्रामाणिकपणे माहिती दिली म्हणून नियुक्तीचा हक्क प्राप्त होत नाही. पूर्वेतिहास तपासण्याचा अधिकार शासनाकडे कायम राहतो.

उमेदवारासही संरक्षण आहे. जी माहिती स्पष्टपणे विचारली आहे, तीच देणे बंधनकारक असते. एखादी बाब दडविल्याचा ठपका ठेवण्यापूर्वी ती उमेदवारास ज्ञात होती, हे दिसून यावे लागते. सेवेत कायम झालेल्या कर्मचाऱ्यास या कारणावरून काढण्यापूर्वी विभागीय चौकशी आवश्यक असते.

२०२२ मधील दोन निकालांतून हा भेद स्पष्ट होतो. रेल्वे सुरक्षा दलाच्या एका प्रशिक्षणार्थी शिपायावर अर्ज भरल्यानंतर गुन्हा नोंदला गेला होता आणि त्यातून त्याची निर्दोष मुक्तताही झाली होती. त्यास सेवामुक्त करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. त्याच वर्षी, प्रलंबित खटला असताना ‘नाही’ असे उत्तर देणाऱ्या केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या शिपायाचे अपील न्यायालयाने फेटाळले. कायदा व सुव्यवस्था राखणाऱ्या दलांत सचोटीचा निकष अधिक कठोर असतो, हे त्यामागील सूत्र होते.

निर्दोष सुटलो म्हणजे ‘नाही’ लिहिण्यास हरकत नाही, हा समज घातक ठरतो. प्रश्न ‘कधी अटक झाली होती काय’ असा असल्यास मुक्ततेनंतरही त्याचे उत्तर ‘होय’ हेच राहते. अशा वेळी घटनेचा तपशील लिहून निकालाची प्रत जोडणे हिताचे असते. निर्णय विरोधात जाण्याची शक्यता त्यानेही संपत नाही. मात्र असत्यकथनाचा स्वतंत्र आरोप टळतो.